एक लाख एक वाती

आमचं एकत्र कुटुंब मी अकराने भागलं. (नेमका तोच आकडा तपासायचा राहिला होता!)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बंगलोरला, शिवाजीनगरच्या मागे राहत होतो. धाकटे दीर, सुधीरभाऊजी, बनशंकरीला वेगळं घर बघू लागले आणि सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. घर फुटू नये म्हणून त्या लक्षवातींचा नवस बोलल्या. वर्षभर कापूस वळला, शंभराच्या हजार जुड्या बांधल्या, आणि तेव्हा मी माझं बी.एस्सी. मध्ये घातलं!

"आई, लाख नको. त्याला दोनने भाग जातो. दोन भाऊ, दोन घरं! आणखी एक वात वळा. एक लाख एक ही मूळ संख्या आहे. कुणाच्या बापाला भागणार नाही."

"नक्की ना गं, शैला?"

"भागून बघितलंय मी!"

बघितलं होतं की. दोनने, तीनने, पाचने, सातने. मग आमटी उतू गेली. (पुढचा नंबर अकराचाच होता. पण आमटीलाही काही किंमत आहे!)

समाप्तीला वाती तुपात भिजवायला धाकट्या जावेला धरून दहाजणी बसवल्या. सगळ्यांना सारख्या वाटायच्या आणि उरेल ती वात सासूबाईंनी चांदीच्या निरांजनात लावायची, म्हणजे घर अखंड! कल्पना अर्थातच माझी. तेवढ्यात शेजारच्या कानडी गिरिजक्का डोकावल्या.

"स्वल्प जागा असली तर मी पण बसते हां."

"या की अक्का!" मीच हात धरून बसवलं. "अकरा काय, अकराशेजणी आल्या तरी एखादी वात उरणारच!"

प्रत्येकीला नव्वद जुड्या गेल्या. उरल्या दहा जुड्या आणि ती एक सुटी वात. जुड्या सोडून मी एकेक वात वाटत सुटले. ताट रिकामं होत गेलं तसा मला घाम फुटत गेला. एक्क्याण्णवाव्या फेरीला ताटात अकरा वाती होत्या. समोर बायका अकरा!

"सरी, छान! कशा बरोबर वाटल्या बघा," गिरिजक्का खूश. "एक पण उरली नाही!"

सासूबाई रिकाम्या निरांजनाकडे बघत राहिल्या. त्या तुपात वातींऐवजी मीच बुडावं असं मला झालं.

"ताई, माझ्यातली एक मोडून दोन करू?" धाकट्या जावेने, लताने, हळूच विचारलं.

"आता आणखी काही मोडू नका गं!" सासूबाईंना हुंदका फुटला.

पुढच्याच महिन्यात भाऊजींचा टेम्पो दारात उभा. सामान चढलं, लता चढली, आणि बघते तर सासूबाई ट्रंक मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर!

"आई, तुम्हीसुद्धा?" मी रडत धावले. "माझं काय चुकलं ते तरी सांगा!"

त्यांनी काच खाली केली.

"शैला, लता गणितात तीनदा नापास झालीय. आता नवस बोलेन तो तिच्याच घरात."