रुंद सीट कोणाची

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि त्याला मी बहुतेक सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. तुम्ही कल्पनाला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

कल्पना माझी धाकटी जाऊ. अकोल्यात आमची घरं समोरासमोर. मी वकिली करते. ती बार्शीटाकळीकडच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. ती अंगानं भरलेली, मी काटकुळी. आम्ही शेजारी उभ्या राहिलो की सासरचे लोक 'दहाचा आकडा आला' म्हणायचे. त्यातला एक मी होते, याचा मला — आता लपवून काय करू — फार आनंद होता.

चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघींनी गिअरच्या सायकली घेतल्या. रविवारी सकाळी पांदण रस्त्यानं जायचं. ढेकळं, गोटे, बैलगाडीच्या चाकोऱ्या. मजा यायची, पण सोमवारी बसता यायचं नाही. मी कोर्टात उशी नेऊ लागले आणि ज्युनिअरला कंबरदुखी सांगितली.

मग एका व्हिडिओत पाहिलं — बायकांची सीट वेगळी येते. मध्ये खाच, पुढचं नाक आखूड. फार मऊ नको, खडबडीत वाटेवर ती जास्त छळते. आणि रुंदी मोजून घ्यायची — अंगाची नाही, बसायच्या हाडांची. पुठ्ठ्यावर बसायचं, दोन खड्डे उमटतात, त्यांच्यामधलं अंतर मोजायचं.

तर आम्ही कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा हॉलमध्ये टाकला आणि पाळीपाळीनं बसलो. कल्पना हसून लोळायची बाकी होती. ती गॅस बंद करायला आत गेली, तेवढ्यात मी टेप लावला. परत लावला. माझे खड्डे तिच्यापेक्षा एकमेकांपासून लांब पडले होते. चांगले बोटभर.

हाडांचा आणि जाडीचा संबंध नसतो, हे त्याच व्हिडिओत होतं. मी ते ऐकलं होतं. तरी ती बाहेर आल्यावर मी काय म्हणाले असेन?

"तुझं रुंद आलं."

"येणारच ना, ताई," ती म्हणाली, आणि पुठ्ठा उचलून ठेवला.

सीट आल्या. अरुंद माझ्या सायकलला, रुंद तिच्या. माझं म्हणाल तर वरवंट्यावर बसून पातूरपर्यंत जावं, तसं व्हायचं; उतरल्यावर पाय आपले आहेत की नाहीत, हे बघून घ्यावं लागे. तिच्या मांड्या घासून सोलवटायच्या. ती खोबरेल लावायची, पावडर लावायची. आणि मी — सवय होईल म्हणायचे.

इथवर तुम्ही हसला असाल, मीही हसते. पण एक दिवस तिनं सांगितलं की तिनं रात्रीची भाकर सोडली. अंग कमी झालं की घासणार नाही, असं तिला वाटत होतं. आणि मी म्हणाले — बरं केलंस. का म्हणाले?

पातूरच्या एका उतारावर तिला सीटवरून मागं सरकायचं होतं. सीटच्या रुंद कडेला तिची सलवार अडकली आणि ती सायकलसकट शेजारच्या तुरीत गेली. लागलं काही नाही. तुरीत बसूनच केसांतला पाला काढत ती म्हणाली, "ताई, मले नाही जमत हे. सायकल बारीक लोकायसाठी असते."

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडही उघडलं होतं मी. "चल, चहा घेऊ," एवढंच त्यातून बाहेर आलं.

तिनं सायकल भाच्याला देऊन टाकली. त्याआधी सीट मात्र काढून माझ्याकडे आणली — असू द्या, एखाद्या वेळी कामी येईल. एका संध्याकाळी मी ती बसवून पाहिली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि कळलं. कुठेच काही दुखत नव्हतं.

तेव्हापासून मी लांब लांब जाते. एकटीच. कल्पना संध्याकाळी मैदानावर चालते. भाकर अजून खात नाही.

गेल्या रविवारी मी परत आले, तेव्हा ती फाटकात उभी होती. सायकलकडे बघून म्हणाली, "ताई, माही सीट तुमाले मोठी होत असन ना?"

मी म्हणाले, "थोडी होते."