अण्णांची पांढरी पडलेली टोपी

साठच्या दशकात मी पुण्याहून बंगळूरला आलो आणि एका प्रयोगशाळेत इंजिनियर म्हणून लागलो. वैमानिकांसाठी काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून, थरावर थर चढवून शिरस्त्राणं करायची होती. त्या कामाचा अहवाल माझ्या एकट्याच्या नावावर आहे. तो खोटा आहे.

आमचे फिटर इथल्याच जुन्या मराठी घरातले. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणत.

मी एक आणि अण्णांनी एक, अशा दोन टोप्या केल्या. चाचणी साधी होती. टोपीखाली डोक्याच्या जागी शाडूचा गोळा ठेवायचा आणि वरून लोखंडी वजन सोडायचं. माझ्या जाड, राळेनं भरलेल्या टोपीला ओरखडाही आला नाही. अण्णांनी थरांमधली राळ पिळून काढली होती. त्यांची टोपी पांढरी पडली, थर सुटले, धागे बाहेर लोंबले. मी खडूनं तिच्यावर फुली मारली.

"अण्णा, पापड झाला की हो तुमचा!"

"झाला तर झाला, साहेब. पण स्वल्प खाली बघा की. डोकं कसं आहे ते."

"माझं डोकं उत्तम आहे."

"तुमचं नव्हे, शाडूचं!"

सगळे हसले. रागानं मी खाली बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, शेडमध्ये कोणी नसताना, मी दोन्ही गोळ्यांवरचे खड्डे पट्टीनं मोजले. माझ्या टोपीखालचा खड्डा अण्णांच्या टोपीखालच्या खड्ड्यापेक्षा दुप्पट खोल होता. एकेक धागा तुटताना, राळेतून उपसून निघताना, थर थरापासून सुटताना त्या माराचा थोडाथोडा भाग खर्ची पडला होता. माझी टोपी मोडली नाही, म्हणून मार सरळ शाडूत उतरला.

मी फुली पुसली आणि कमी राळेची पद्धत स्वतःची म्हणून लिहिली. अहवाल इंग्रजीत होता आणि अण्णांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"माझी टोपी आली का त्यात, साहेब?"

"आली."

"सरी," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले, आणि कामाला लागले. त्याच अहवालावर मला बढती मिळाली. अण्णा फिटर म्हणूनच निवृत्त झाले.

गेल्या वर्षी मी त्यांच्या मुलीला शोधून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, काका? जिथं लिहिलंत तिथं सांगा."

प्रयोगशाळेला दोन पत्रं लिहिली. इतका जुना अहवाल बदलता येत नाही, असं उत्तर आलं. तिसरं पत्र घेऊन सोमवारी मी स्वतः जाणार आहे. अण्णांचं पूर्ण नाव त्या कागदांना जोडल्याची पोच हातात पडेपर्यंत तिथून उठणार नाही.