सातव्या पायरीची हाक

सुमनबाईचा आवाज गोड कधीच नव्हता, धारदार होता. सेनगावाजवळच्या आमच्या गावात पंचमीच्या फेरात ती सात पायऱ्यांच्या विहिरीचं गाणं धरायची, तेव्हा पारावर पत्ते कुटणारे बाप्येसुद्धा पानं पालथी ठेवायचे. गाणं लांबलचक. विहिरीला पाणी लागत नाही म्हणून सासरचे धाकट्या सुनेला आत उतरवतात. ती एकेक पायरी उतरते, पाणी एकेक पायरी चढतं. आई काठावर येऊन हाका मारते तोवर सातवी पायरी बुडालेली असते. वर कुणी येत नाही, गाणं तिथंच संपतं.

या सुनेला गाण्यात नाव नाही. आमच्याकडची रीतच तशी. गावची लेक सासरच्या विहिरीनं खाल्ली, की गावच्या बाया तिचं नाव त्यात घालून गातात. पोलिसांनी 'पाय घसरला' लिहिलेलं असू दे, गाण्यात तिला उतरवलेलीच असते. हे कोर्टात चालत नाही, पण पंचमीला चालतं.

सुमनबाईच्या गाण्यात नाव होतं शिवकन्या. तिची पोटची लेक, जवळा बाजार या गावाकडं दिलेली. तिचाही पायच घसरला म्हणे! मागं रांगती राजनंदिनी राहिली. ती सासरच्यांनी ठेवून घेतली आणि सुमनबाईला उंबरा बंद केला. तेव्हापासून म्हातारीच्या जिवाला एकच घोर होता. आपल्या आईचं काय झालं, हे त्या पोरीला कधीतरी खरं कळावं.

अशात हिंगोलीहून अनुश्री मॅडम आल्या. त्यांची संस्था जुन्या गाण्यांमधून लहान लेकरांची पुस्तकं करते. एकाच पानावर मराठी, हिंदी आणि बंजारा तांड्याची बोली, म्हणजे कुणाचंच लेकरू अडत नाही. काम चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. सुमनबाईनं मात्र आधी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. मग मागून हाक मारून विचारलं, "जवळ्याकडल्या शाळांत जाते का हे पुस्तक?"

"सगळ्या जिल्ह्यात जातं, आजी."

"मंग बसा."

दुपारभर ती मॅडमच्या मोबाइलपुढं गायली, आणि प्रत्येक पायरीवर शिवकन्येचं नाव घेतलं. मॅडमला वाटलं, गाण्यातलीच कुणी असेल. खरं सांगितलं तर नाव काढतील, या भीतीनं म्हातारीनं मूठ झाकलेलीच ठेवली.

पुस्तक आलं. सुमनबाईला वाचता येत नाही, म्हणून शेजारीण या नात्यानं मीच वाचून दाखवलं. चित्रं सुरेख होती. नाव पानोपान होतं, आणि ते आलं की म्हातारी मान हलवायची. पण एवढ्या लहान लेकरांना मरण कशाला, असं मॅडमच्या संस्थेत ठरलं होतं. म्हणून सातव्या पायरीला वर्गानं मिळून तिन्ही भाषांत हाक मारायची, 'शिवकन्या, वर ये!' आणि ती वर येते. निथळत येते, आणि सासू पदरानं तिचं अंग पुसते.

"सासू पुसती?" सुमनबाई म्हणाली. "माह्या लेकीचं अंग? ती?"

पुस्तक तिनं अंगणात भिरकावलं. माझंही डोकं फिरलं. जिनं ढकललं, तिच्याच हाती या शहाण्यांनी पदर दिला होता.

दिवाळीनंतर मॅडम पुन्हा आल्या, चेहरा उतरलेला. जवळ्याकडच्या एका शाळेतून फोन आला होता. दुसरीतली राजनंदिनी, मेलेल्या आईचं नाव शिवकन्या, मधल्या सुट्टीत जेवत नाही. शाळेमागच्या तिच्या घरच्या मळ्यात जाते, विहिरीवर ओणवी होते आणि हाका मारते. मराठीत, हिंदीत, तांड्याच्या बोलीत. गुरुजी ओढून आणतात, ती परत जाते.

"मला वाटलं गाण्यातलंच नाव आहे," मॅडम रडायला लागल्या.

सुमनबाई रडली नाही, भांडलीही नाही. "चला," म्हणाली. "आता म्याच सांगती तिले. आई येत नसती म्हणून सांगती."

मॅडमच्या गाडीत मीही बसले. वाटभर सुमनबाईचे ओठ हलत होते. कसं सांगायचं, ते घोकत असावी.

पोरगी काठावर पालथी पडली होती. वेण्या आत लोंबत होत्या. सुमनबाईनं तिला कमरेला धरून मागं ओढलं आणि मांडीवर घट्ट दाबून ठेवलं.

"तू कोन?" पोरीनं विचारलं.

"तुह्या आईची आई."

पोरीनं तिचं तोंड न्याहाळलं आणि एकदम खुलली. "तू बी हाक मारायला आली?"

"न्हाई बाई. म्या तुले सांगायला..."

"शाळेत सगळे मिळून मारतात, तवा येती ती. इथं म्या एकलीच हाय." तिनं आजीचा हात धरून ओढला. "तू मार ना मोठ्यानं. माहा आवाज खालपर्यंत जाऊनच नाही राहिला."

सुमनबाईनं माझ्याकडं पाहिलं. मला तिच्याकडं पाहवेना. ती उठली, एका हातानं नातीचा फ्रॉक मुठीत धरला, आणि विहिरीवर वाकून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात लेकीला वर बोलावलं.