दुकान माझं, पावती शंकररावांची

मालकांच्या पायरीवर मी भाड्याचे चाळीस रुपये ठेवले. त्यांनी तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. मग उचलले. दर महिन्याच्या पाच तारखेला हे असंच. पहिल्या महिन्यात मी नोटा ठेवल्या होत्या. त्या भिजल्या म्हणून मालक माझ्यावरच चिडले. तेव्हापासून मी महिनाभर रुपयाची नाणी वेगळी काढून ठेवायची. माझं सगळं काम असं नीट. नाणी भिजली तर काही बिघडत नाही, असं मी स्वतःला सांगायची. सहा वर्षं सांगितलं.

कोरेगावच्या पेठेत माझं शिवणकामाचं दुकान. दोन मशिनी, कापड बेतायला एक टेबल. आम्ही बौद्ध होऊन किती वर्षं झाली होती, पण मालक आम्हाला जुन्या जातीनंच ओळखत. भाडेकरू म्हणून माझं नाव लिहायला ते तयार नव्हते. शेजारच्या गिरणीवाल्या शंकररावांच्या नावानं पावती करायची, असं ठरलं.

"आवं ताई, कागदावर नाव माझं असलं म्हणून काय झालं? मशिनी तर तुमच्याच हायत न्हवं," शंकरराव म्हणाले. माणूस चांगला. मी मान डोलावली. चूक तिथं झाली, आणि ती माझी.

पुढं साखर कारखान्याच्या पहारेकऱ्यांचे गणवेश शिवायचं काम मिळालं. बिलातून कर कापला गेला. खर्च दाखवला तर परत मिळेल, असं तिथला कारकून म्हणाला. मी यादी केली. दोरा, बटणं, मशीनचं तेल, दुरुस्ती, दुकानाचं भाडं. एकेका ओळीला पावती जोडली आणि साताऱ्याच्या आयकर कचेरीत गेले.

साहेब भाड्याच्या ओळीवर थांबले. "भाडं कोणी दिलं?"

"मी."

"पावत्या तर दुसऱ्याच्या आहेत. त्यांच्याकडे कामाला आहात का?"

"दुकान माझं आहे, साहेब. पावती फक्त शेजारच्या गिरणीवाल्यांच्या नावानं."

"कागदावर तसं दिसत नाही, बाई."

शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "गिरणीवाला भाडं भरतोय आन् बाई दुकान चालवतीया. समजून घ्या की, साहेब."

दोघं हसले. साहेबांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. वर्षाच्या भाड्याचे चारशे ऐंशी रुपये. मी फाईल बांधली. गाठ नीट बसेना.

घरी आई काजं करत बसली होती. तिला सगळं सांगितलं. पायरीवरच्या पाण्याचंही, पहिल्यांदाच. तिचा हात थांबला.

"मला वाटायचं, लेक पेठेत दुकानात बसती, म्हंजी आपल्यामागचं त्ये संपलं," ती म्हणाली. मग सुईत दोरा ओवायला लागली. ओवला जाईना. मी ओवून दिला.

पुढची पाच तारीख. पैसे पायरीवर ठेवले आणि म्हटलं, "पावती माझ्या नावाची पाहिजे."

"तुझ्या नावाची?" मालक म्हणाले. "मग पेठेत मला कोण पंगतीला बसवील गं? जागा सोड."

तांबा त्यांच्या हातात होता. पाणी पडायच्या आत मी पैसे उचलले आणि तशीच पोस्टात गेले. मनिऑर्डरचा फॉर्म भरला. घेणारे, मालक. पाठवणारी, मी, पूर्ण नाव. खाली लिहिलं, दुकानाचं भाडं, आणि महिना. आठवड्यात ती परत आली, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून. मी ती फाईलला लावली. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवली. पुन्हा परत.

"ताई, मालक कोर्टात जायाचं म्हणत्यात," शंकरराव सांगून गेले.

जाऊ देत. मला काढायचं तर दाव्यात लिहावं लागेल, या जागेत कोण बसतं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, माझा धंदा. खाली मालकांची सही लागेल. त्याआधी मी इथून हलणार नाही.