चौघांत एक लोहचुंबक

जुन्या गोष्टींचं असं असतं, एक उचलली की तिला दुसरी चिकटून वर येते. परवा नातवाला बॉक्स मिळाला. रंगीत प्लास्टिकचे तुकडे, आत मॅग्नेट. एकाला एक चिकटवायचे आणि घर करायचं, गाडी करायची. सोबत चित्रांचं पुस्तक.

नातू विचारतो, "आजोबा, यातलं कुठलं करू?"

म्हटलं, "आधी ते पुस्तक मिटून ठेव! आमच्याकडे चित्र नव्हतं. तरी केलं."

"तुमच्या टाइमला मॅग्नेट होतं?"

होतं. एकच होतं.

* * *

पन्नास-साठ सालातली गोष्ट. मुरबाडच्या कडेला आमची वाडी. शेत कुणाचंच नाही, सगळी घरं मजुरीवर. चंद्री माझी चुलत बहीण. तिचा बाप भातगिरणीत पोती उचलायचा, ती त्याची भाकरी पोचवायची. गिरणीचं जुनं इंजिन मोडीत निघालं. गिरणीच्या मिस्त्रीने त्याच्या ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोतलं लोहचुंबक काढून तिच्या हातात ठेवलं. घोड्याच्या नालासारखं वाकडं, तळहाताएवढं. म्हणाला, "ने पोरी, खेळ."

आम्ही खेळणारे चौघे. चंद्री, बारक्या, कोंड्या आणि मी. पहिल्याच दिवशी चुंबकावरून मारामारी झाली. बारक्याचा दात पडला.

चंद्रीने निकाल दिला, "रोज येकाची पाळी. आनि रडू नको रे, दात हलतच व्हता!"

* * *

चुंबक झालं. त्याला लावायला लोखंड कुठून आणणार? मुरबाडच्या बाजारात चिंचेखाली एक नालबंद चाचा बैलांना नाल ठोकायचा. त्याचे वाकडे खिळे मातीत पडत. आम्ही चुंबकाला सुतळी बांधली आणि त्या झाडाखाली कुत्र्यासारखं फिरवलं. पाच मिनिटांत मूठभर खिळे!

चाचा ओरडला, "ए चोरांनो! माझे खिळे!"

चंद्री कमरेवर हात ठेवून उभी. "चाचा, तुमी टाकलेला आमी उचलतो. बैलाच्या पायातून काढला तर बोला!"

एक शेतकरी अनवाणी उभा होता. तो म्हणाला, "उचलू दे रे त्यांना. गेल्या बाजारी माझ्याच टाचेत घुसला व्हता."

तेव्हापासून चाचा आमची वाट बघायचा. आम्ही फिरून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला झाडाखाली येऊ देत नसे.

* * *

त्या खिळ्यांचं आम्ही काय नाही केलं! खिळ्याला खिळा धरतो, दुसऱ्याला तिसरा. मोर केला, नांगर केला, एसटी केली. कोंड्याने गुरुजी केले. एक लांब खिळा आणि हातात त्याहून लांब खिळा!

एकदा पूल केला. एका दगडावर चुंबक, समोरच्या दगडावर मोडका कोयता, मध्ये वीतभर नुसते खिळे. खाली टेकू नाही. रस्त्याच्या कामावरचे एक साहेब तिथून चालले होते, ते थांबले.

"खांब कुठंय याला?"

"खांब कशाला? खालून बारक्याची गाडी जाते," चंद्री म्हणाली.

"पडेल."

"सकालपासून हाय."

साहेब हसले नाहीत. पँट वर ओढून धुळीत बसले आणि हळूच दोन खिळे मध्ये लावायला गेले. पूल पडला!

चंद्री म्हणाली, "उठा. तुमची पाळी संपली."

* * *

वाडीजवळ एक दुकान होतं. शेठ सुटा चहा विकायचा. चंद्रीच्या आईने पुडी आणायला धाडलं. त्या दिवशी पाळी चंद्रीची, चुंबक तिच्याच हातात. तिने सहज उघड्या पुडीवर धरलं. भुकटीतली निम्मी उडी मारून चुंबकाला बसली!

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तिने चुंबक वर धरलं. "शेठ, तुमच्या चायला दाढी आली!"

सगळे जवळ सरकले. शेठ घाईने म्हणाला, "लोखंड अंगाला चांगलं असतं!"

एक म्हातारी म्हणाली, "मंग खिलं पान्यात उकलून पितो की. ते फुकट मिलतात."

म्हातारीने आपली पुडी परत ठेवली. तिच्यामागे बाकीच्यांनीही ठेवल्या. त्या दिवसापासून शेठने आमच्या चुंबकावर दात धरला.

* * *

शेठ शाळेत गेला. गुरुजींना सांगून आला की वाडीच्या पोरांनी गिरणीतून इंजिनाचा भाग चोरलाय.

गुरुजींनी चौघांना बाहेर पायरीवर उभं केलं. चुंबक आणि खिळ्यांचा डबा पुढ्यात. शेठ बाजूला, हाताची घडी घालून.

"वाडीत अशी वस्तू येते कुठून?"

"मिस्त्रीनं दिली," चंद्री म्हणाली.

"बोलवा मिस्त्रीला."

मिस्त्री कधीच कल्याणला निघून गेला होता. गुरुजींना ते ठाऊक होतं. शेठलाही.

"चोरलं म्हण. सोडून देतो."

"चोरला नाय, तर चोरला कसा म्हनू?"

छडी बसली. एकदा, दोनदा. तिने हात मागे घेतला नाही. आम्ही तिघे खाली बघत होतो. त्याची लाज मला अजून आहे.

"म्हण!"

"नाय."

गुरुजींनी चुंबक उचललं आणि पायरीच्या दगडावर आपटलं. टण्णदिशी मधोमध मोडलं. एक तुकडा इकडे, एक तिकडे. बारक्या भोकाड पसरून रडला. शेठ हसला.

"संपला खेळ," गुरुजी म्हणाले.

चंद्री खाली वाकली. दोन्ही तुकडे गोळा केले. हात सुजलेला, बोटं मिटत नव्हती. एक तुकडा डब्यात घातला. वर काढला तर खिळ्यांचा झुबका! दुसरा घातला. त्यालाही झुबका!

शेठचं हसणं थांबलं. चंद्रीने खिळे झटकले आणि दोन्ही तुकडे तळहातावर ठेवून गुरुजींच्या पुढे धरले.

"गुरुजी, हे दोन पन मोडा. आमी चार जना हाव."