थंडीतली अंडी कोण नेतंय?

आता हे सांगताना सुद्धा माझं डोकं तापतंय. पण तुम्ही विचारलंच आहे तर ऐका, सगळ्या गल्लीसमोर मी माझं नाक कसं कापून घेतलं ते.

आमच्या म्हसवडकडं पाऊस चुकेल, थंडी चुकत नाही. त्या वर्षी तर पहाटं रांजणात हात घातला की बोटं जागेवर आहेत का ते बघावं लागायचं. त्यात माझी एक कोंबडी गारठून मेली. राहिल्या तीन. आणि माझी सुनी चार वर्षांची, नुसती हाडं. डॉक्टरांनी सांगितलेलं, हिला रोज अंडं द्या. मालक मुंबईला. म्हणजे पोरगी पण मीच जगवायची आणि कोंबड्या पण मीच.

मी खुराड्याला चारी बाजूंनी पोती बांधली. रोज सांजच्याला चुलीतली कोमट राख आत पसरायची, कोंबड्यांना ऊब म्हणून. सकाळी एकेक कोंबडी धरून चाचपायची. बोटाला अंडं लागलं की तिला आतच डांबायची, ऊन तापलं की सोडायची. आमच्याकडं सगळ्याच बाया असं करतात. मग खुराड्यातल्या अंधारात हात घालून बघावं तर काय? राख.

एक दिवस झाला, दोन झाले, आठ झाले. पोटात अंडं होतं हे माझं बोट सांगतंय, मग गेलं कुठं? खुराड्याला लागून दार कुणाचं? थोरल्या जावेचं, आक्कांचं. तिच्या उकिरड्यावर मला टरफलं दिसली. तिच्याकडं पण कोंबड्या होत्या, पण रागात ते कोण बघतं?

गावात नवीनच एसटीडी बूथ झालेला. तिथनं मालकांना फोन लावला. म्हटलं, "आक्का आपली अंडी खात्यात."

"तू बघितलंस का?"

"बघायला कशाला पायजे? मला कळतंय."

त्यांनी फोनच ठेवला. आता सांगा, राग येणार नाही तर काय होणार?

नवव्या दिवशी पदर खोचला आणि जावेच्या दारात उभी राहिले.

"आक्का, माझ्या लेकराच्या तोंडचं काढून खाताय, घशाखाली उतरतंय कसं?"

"काय खाल्लं गं मी तुझं?"

"अंडी."

"माझ्या सात कोंबड्या हायत. तुझी कशाला खाऊ?"

"मग उचला बिरोबाचा भंडारा."

गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. देवाची हळद हातात घेऊन खोटं बोललं तर अख्ख्या घराला भोवतं, असं मानतात आमच्यात. आक्कांचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडली. त्या आत गेल्या आणि ताटलीत भंडारा घेऊन आल्या.

"उचलते. पर आधी तुझं खुराडं झाडायचं. सगळ्यांम्होरं."

"झाडा की. काय निघणार हाय?"

त्यांनी पोती सोडली आणि खुरप्यानं राख ओढली. वीतभर थर. त्यातनं एक अंडं निघालं. मग दुसरं. मग निघतच राहिली. कोंबड्या अंडी घालून राखेत लोळत होत्या, आणि वरनं मी रोज नवी राख ओतत होते.

आक्का खुरपं टेकवून बसल्या. "कोंबड्या पाळल्यास का भुईमूग लावलाय गं?"

गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला इतका राग आला की कुणाचा आलाय तेच कळेना. त्यात आक्कांनी भांडायचं सोडून स्वतःच्या घरातलं अंडं उकडलं, सोललं आणि सुनीच्या तोंडाजवळ धरलं. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सुनीनं तोंड फिरवलं.

"मोठ्या आयच्या हातचं खायाचं न्हाई. ती चोर हाय. आयनं सांगितलंय."

माझी मान वर होईना. "न्हाई गं बाय, मोठी आय चोर न्हाई."

सुनीनं नीट विचार केला. "मग चोर कोण हाय?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी आक्कांच्या हातातलं अंडं घेतलं आणि अख्खंच तिच्या तोंडात कोंबलं.