मी दिराला शिकवलेलं इंग्रजी

माझ्या धाकट्या दिरानं माझं हॉलतिकीट लपवलं, म्हणून मी त्याला इंग्रजी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, "अगं, पण तो तर किती साधा माणूस होता!" असेल. त्याच साध्या माणसानं माझी परीक्षा खाल्ली, ते कुणी बघत नाही.

माझं माहेर वालूरचं. वडील तिथल्या मदरशात, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद राज्याच्या सरकारी शाळेत, मास्तर होते. शाळेत उर्दूतून शिकवायचं, गावात मराठी बोलायचं आणि घरी आलं की मला इंग्रजी, असा त्यांचा दिवस. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळं सगळी हौस माझ्यावरच. हातपाय धुतले की उतारा वाचायला लावायचे. अर्ध्यात आले की पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, "आता सांग, या माणसाला राग का आला?" शब्दाचा अर्थ पाठ सांगितला तर मान हलवायचे. तोच शब्द घालून आपल्या घरातलं वाक्य करून दाखवलं तर खरं. म्हशीवर, आईवर, शेजारणीवर, कशावरही करा.

लग्न ठरवताना त्यांनी एकच शब्द घेतला होता, की पोरगी मॅट्रिकला बसेल. परभणीत सासरचं किराणा दुकान होतं. नवरा भला माणूस, दुकानातून डोकं वर काढलं तर मला 'हो' म्हणायलाच. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण दिलेला शब्द मोडला नाही. फॉर्म भरला. बाहेरून बसणाऱ्या बायकांना औरंगाबादेला जावं लागायचं. हॉलतिकीट टपालानं येणार होतं, आणि आमचं टपाल दुकानावर यायचं. सकाळी दुकानात धाकटा दीर बसायचा.

मी रोज विचारायचे, "भाऊजी, टपाल?"

"न्हाई बा, वयनी."

परीक्षा दोन दिवसांवर आली तसे वडील मला न्यायला आले. सोबत दशम्यांचं गाठोडं होतं. दीर नुकताच पूजा करून उठला होता, कपाळावर ओली विभूती. वडिलांनी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाला, "मास्तर, शप्पथ सांगतो, काई आलं न्हाई." आम्हा लिंगायतांच्या घरात लिंगाला हात लावून माणूस बोलला की त्यापुढं विचारायचं नसतं. वडील दशम्या आमच्याकडंच ठेवून स्टेशनकडं चालत गेले. लगेचच्या उन्हाळ्यात ते वारले. माझा निकाल त्यांना बघायचा होता, तेवढाच राहिला. त्यांच्यामागं पुन्हा फॉर्म भरायचं घरात कुणी नाव काढलं नाही.

दसऱ्याला दुकानाची पूजा होती. बायकांनी दुकानात जायचं ते त्याच दिवशी. फडताळ पुसताना जुन्या कागदांखाली एक घडी सापडली. माझं नाव, माझा नंबर, वर टपालाचा शिक्का. परीक्षेच्या कितीतरी आधी आलेलं. मी घडी पोलक्यात घातली आणि नारळ फोडायला पुढं झाले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यानं फार तर भावाला दोन शब्द सुनावले असते. दोन शब्दांत माझं काय भागणार होतं!

त्यानं असं का केलं, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्याच साली तोही मॅट्रिकला बसला होता आणि इंग्रजीत आपटला होता. भावजय पास आणि आपण नापास, हे मोंढ्याच्या बाजारात कुणी म्हटलं असतं तर त्याची मान खाली गेली असती. एवढ्यासाठी. एवढ्याशा मानेसाठी!

दुसऱ्या साली तो पुन्हा इंग्रजीतच नापास झाला. मग सासूबाईंना घोर लागला. कारण तहसील कचेरीत एकानं त्याच्यासाठी शब्द टाकला होता, आणि नांदेडकडचं एक तालेवार स्थळ त्या नोकरीवर डोळा ठेवून थांबलं होतं. मॅट्रिक झाला तर नोकरी, नोकरी लागली तर मुलगी. एके दुपारी सासूबाई मला म्हणाल्या, "तुजं इंग्रजी तसंबी कुजायलाच लागलंय. त्याला शिकीव."

मी म्हटलं, "शिकवते की, आत्याबाई. मन लावून शिकवते."

चुकीचं शिकवायचं तर आधी आपल्याला बरोबर यावं लागतं. वडिलांची डिक्शनरी माझ्या ट्रंकेच्या तळाला होती. सकाळी ती बघून मी दहा शब्द काढायची. आठांचे अर्थ खरे, दोनांचे खोटे. खोटेही असे की ऐकून पटावेत. 'रिलक्टंट' म्हणजे हौसेनं तयार असलेला. 'हॉस्टाइल' म्हणजे आदरातिथ्य करणारा. दीडशे पानी वही आणवली होती, तिच्यात मी माझ्या हातानं लिहून द्यायची, डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. अक्षर माझं सुरेख. त्याला वाटायचं, वयनी किती मेहनत घ्यायलीय! घेतच होते.

उताऱ्याचंही तसंच. त्याला सांगितलं, प्रश्न कुठलाही असो, उत्तर शेवटच्या दोन ओळींतच असतं, वरचं वाचून वेळ घालवायचा नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घालायचे जे नियम असतात, त्यातले दोन नियम उलटे करून शिकवले. तो बिचारा पडवीत मांडी घालून डुलत डुलत पाठ करायचा.

आणि परीक्षा! परीक्षा मी रोज घ्यायची. सासूबाई समोर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. मी मोठ्यानं मार्क सांगायची. "दहापैकी तीन, भाऊजी." "दहापैकी दोन." सासूबाई कपाळावर हात मारायच्या आणि तो कान पकडायचा. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाला बोलू! हळूहळू त्याचे मार्क वाढायला लागले. माझे खोटे अर्थ तो खऱ्याहून पक्के पाठ करायचा.

एकदा मात्र सापडलेच होते. कुण्या दोस्ताकडून एका शब्दाचा खरा अर्थ ऐकून आला. म्हणाला, "वयनी, ह्ये तर उलटं सांगायलाय त्यो." मी शेंगदाणे चाळत होते, ते चाळतच राहिले. म्हटलं, "बोलण्यात तसं म्हणतात, भाऊजी. इम्तिहानात हेच लागतं. बघा बाई, दोस्तावर भरवसा असेल तर त्याच्याकडंच शिका." त्यानं जीभ चावली. वहीत कडेला पेन्सिलीनं दोस्ताचा अर्थ लिहिला होता, तो स्वतःच्या हातानं खोडून टाकला.

निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, इंग्रजीत नापास, आणि तेही दोन्ही वर्षांपेक्षा कमी मार्क. कचेरीतली जागा दुसऱ्याला गेली. नांदेडकरांनी पत्रानं कळवलं की मुलीला यंदा गुरुबळ नाही. सासूबाई माझ्यावर खेकसल्या, "ह्येच का तुजं शिकिवनं?" तेव्हा दीर मधे पडला. "आई, वयनीला बोलू नको. तिनं लय जीव लावून शिकिवलं. माजंच डोकं धोंडा हाय." आणि तो उठून दुकानात गेला, तो कायमचा.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. वडिलांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली आणि मनात म्हटलं, दादा, फिटलं.

फिटलं नव्हतं. दोनेक वर्षं गेली. परभणीच्या जनाना मदरशात, म्हणजे मुलींच्या शाळेत, वरच्या वर्गाला इंग्रजी शिकवायला बाई मिळेना. शेवटी निघालं की मॅट्रिकची सनद नसली तरी चालेल, पण मदरसे तपासणाऱ्या बाई हैदराबादहून येतील, त्यांच्यापुढं इम्तिहान द्यायचा. ही बातमी घरी कुणी आणली? दिरानंच. दुकानात साखर घ्यायला आलेल्या शाळेच्या शिपायाकडून त्याला कळली होती. चार दिवस तो आईच्या मागं लागला. "आपल्या घरची बाई मास्तरीण झाली तर नाक कापतंय का? वयनीएवढं इंग्रजी अख्ख्या परभणीत कुन्या बाईला येतंय?" सासूबाई थकून हो म्हणाल्या. मला वाटलं, याला खाल्लेलं हॉलतिकीट आता पचत नसेल. पचू नये. मी काही त्याला माफ केलं नव्हतं. पण ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती की रात्री झोप लागेना. वडिलांनी माझ्यावर घातलेली एवढी वर्षं कुठंतरी कारणी लागणार होती.

ठरल्या दिवशी तोच मला सोबत घेऊन गेला. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून खोलीच्या दाराला लावलेल्या चिकेबाहेर, म्हणजे बांबूच्या पडद्याबाहेर, व्हरांड्यात तो उभा राहिला. आत तपासणीस बाई, मी आणि दारातली आया. बाईंचा चष्मा नाकावर, आवाज हळू. त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रातला एक उतारा मला वाचायला दिला, मधेच काढून घेतला आणि विचारलं, "या माणसानं असा निर्णय का घेतला असेल?" मी हसले. अगदी वडिलांची रीत! मग शब्द दिले, वाक्यं करायला सांगितली. मी म्हशीवर केली, शेजारणीवर केली. बाई पण हसल्या. चूक एकही झाली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, तसंच झालं.

मग त्यांनी विचारलं, "आधी कुणाला शिकवलंय?" हा प्रश्न तेवढा त्यांनी उर्दूत विचारला. मी काही बोलायच्या आधीच चिकेबाहेरून आवाज आला, "मला शिकवलंय ना, बाईसाब!" आणि चिकेखालून एक हात आत आला. हातात वही. दीडशे पानी, कव्हर घातलेली. कधी घेतली होती बरोबर, मला माहीत नाही. आयानं ती उचलून टेबलावर ठेवली. बाहेरून तो सांगत होता, "नजर टाका, किती मेहनत केलीय त्यांनी. कमनशीब माझं."

बाईंनी मराठी अर्थांवरून बोट फिरवत पहिलं पान वाचलं. दुसरं बघितलं. मग सावकाश पानं उलटत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला आणि इंग्रजीत विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"आत्ता इतकं चांगलं इंग्रजी बोललात. मग हे काय आहे?"

अडाणी ठरायचं की दुष्ट, एवढंच माझ्या हातात होतं. मी अडाणी ठरायला तयार झाले नाही. वडिलांची लेक मी, ते माझ्यानं होणारच नव्हतं. मी इंग्रजीतच सगळं सांगितलं. हॉलतिकीट, त्यानं घेतलेली शपथ, वडील स्टेशनकडं चालत गेले ते, दहातले दोन शब्द. एकदाही अडखळले नाही. चिकेबाहेर त्याची सावली दिसत होती. मला इंग्रजी फाडफाड बोलताना ऐकून तो कौतुकानं मान डोलवत होता. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कळायचं तर आधी मीच त्याला नीट शिकवायला हवं होतं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वही मिटली. म्हणाल्या, "तुमच्यावर अन्याय झाला. तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण मुली मी तुमच्या हाती देणार नाही." आणि वही त्यांनी आयाकडं दिली, तिनं ती चिकेखालून बाहेर सरकवली.

बाहेर आले तर तो उतावळा. "काय म्हनल्या?"

"इंग्रजीत पास. नोकरी नाही."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. एवढा संताप मी त्याला कधी आलेला बघितला नव्हता. "असं कसं? पास बी म्हनायचं आन् न्हाई बी म्हनायचं? कुनाचा तरी वशिला असंल. आपन वर हैदराबादला दरख्वास्त करू, वयनी. इंग्रजीतच करू, म्हंजे वजन पडंल." मी म्हटलं, जाऊ द्या भाऊजी. तो ऐकेना. शाळेच्या पायरीवर बसला, वहीचं मागचं कोरं पान उघडलं आणि मला विचारायलाही न थांबता लिहायला लागला. म्हणाला, "तुमी काई बोलू नका, तुमच्या मनाला लागलंय. मला येतंय एवढं. तुमीच शिकवलंय."

मी त्याच्या मागं उभी राहून वाचत होते. पहिल्या चार ओळींत माझे तीन शब्द होते, एकाचंही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. माझ्याविषयी त्यानं जे जे चांगलं लिहायचं ठरवलं होतं, ते सगळं उलटं उमटत होतं. हे चुकलंय असं एका शब्दाला म्हटलं असतं तर सगळी वही सांगावी लागली असती. त्या क्षणी मला त्याचा राग येत नव्हता, माझाच येत होता.

पान भरलं. त्यानं ते अलगद फाडलं, वहीवर धरलं, खाली माझ्या नावासाठी जागा दाखवली आणि पेन माझ्या हातात दिला. मी सही केली.